बाटलीतली नाळ

घाटकोपरला आमच्या चाळीमागे शेवग्याचं एक झाड होतं. माझ्या ताईच्या मुलीची अर्धी नाळ त्या झाडाखाली पुरली आणि उरलेली मी अंधेरीला कामावर घेऊन गेले. आज हे एका वाक्यात लिहून झालं. त्या दिवशी घरात जे रामायण घडलं ते मात्र आठवडाभर चाललं.

ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत लागले होते, सहा-सहा महिन्यांच्या कागदावर. खाली छापखाना, वर आम्ही. खालची यंत्रं सुरू झाली की आमच्या बाटल्या टेबलावर थरथरायच्या. कॅन्सरच्या पेशी बाटल्यांत वाढवायच्या आणि झाडपाल्याचे अर्क टाकून त्या मरतात का ते बघायचं, हे आमचं काम. पण नुसत्या मेल्या तर त्यात कौतुक काय? फिनाईलनेही मरतात. त्याच अर्कात चांगल्या पेशी जगतात हे दाखवलं, तरच पुढे बोलायची सोय. या चांगल्या पेशी वाढवायचं काम प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी माझ्या गळ्यात घातलं. नाळेतून त्या उत्तम निघतात, म्हणाले. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा लागलेला. मी निर्जंतुक केलेली बाटली पर्समध्ये घेऊनच फिरू लागले.

सूतिकागृहातली आया मागणाऱ्यांना वार आणि नाळ फडक्यात बांधून द्यायची. त्यातली वीतभर नाळ कापून मी बाटलीत घातली. ताई खाटेवरून म्हणाली, "ने तू. पण आईला तूच सांग हां, मी नाही बोलणार."

आई मालवणकडची. नाळ मातीत गेली की माणसाचा जीव त्या जागेला धरून राहतो, यावर तिचा देवाइतकाच विश्वास. तिने फडकं सोडलं, बघितलं आणि माझ्याकडे वळली.

"अर्धी मातयेत आणि अर्धी बाटलेत? चेडवाचो जीव दोन जाग्यार टांगतलंस?"

या रागामागे दुसरंही काही होतं. माझे वडील गिरणीत होते. तंबाखू कायम डाव्या गालात, आणि गाठ आली तीही त्याच गालात. मी दहावीत असताना ते गेले. त्यानंतर आईने कॅन्सर हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. 'तो रोग' म्हणायची, तेही आवाज खाली आणून. तो रोग रक्तात असतो, मुलांत उतरतो, नातवंडांत उतरतो, अशी तिची खात्री. आणि मी निघाले होते नातीची नाळ त्याच रोगाच्या शेजारी ठेवायला! मी तिला शब्द दिला: वेगळ्या बाटल्या, वेगळी फळी, आणि काम संपलं की नाळ परत आणीन, तुझ्या हाताने पूर. ती "हं" म्हणाली. आमच्याकडे "हं" म्हणजे होकार नव्हे, पण भांडण तात्पुरतं मिटलं एवढा अर्थ असतो.

नाळेचे मोहरीएवढे तुकडे करून मी बाटलीच्या तळाला चिकटवले आणि वर गुलाबी पोषणद्रव्य घातलं. त्याला आम्ही मीडियम म्हणायचो. पाच-सहा दिवस काहीच नाही. सातव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि अंगावर काटा आला. तुकड्यांच्या कडेने पेशी बाहेर पडल्या होत्या. लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, काचेला धरून एकीपाठोपाठ एक. जिच्या नाळेतून त्या निघाल्या ती घाटकोपरला दुपट्यात गुंडाळून झोपलेली, मान धरायचा पत्ता नाही, आणि इथे अंधेरीला ती चालायला लागली होती. त्या खोलीत मी एकटीच मोठ्याने हसले.

पुढे जे दिसलं त्याने तर मी खुळावलेच. बाटलीचा तळ भरेपर्यंत त्या वाढायच्या. एकीला दुसरी लागली, चहूबाजूंनी शेजारणी लागल्या, की थांबायच्या. खायला भरपूर, ऊबही भरपूर, तरी थांबायच्या. एकीने दुसरीच्या अंगावर चढायचं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं? सरांनी एकदा काचेच्या नळीच्या टोकाने भरलेल्या तळावर सरळ ओरखडा काढला आणि म्हणाले, "आता रोज बघ." दुसऱ्या दिवशी कडेच्या पेशी त्या मोकळ्या पट्ट्यात सरकल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पट्टा भरला आणि सगळं पुन्हा शांत. ओरखडा कुठे होता ते शोधून सापडेना. मी लहानपणी सतत गुडघे फोडून घेणारी मुलगी. खपली धरते, पडते, खालून कातडी येते आणि बरोबर कातडीच्याच पातळीला थांबते, याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी गुडघ्यावरची जुनी खूण बघत बसले आणि डबा खायचा राहिला.

शेजारच्या फळीवर कॅन्सरच्या पेशी. कुणा परदेशी पुरुषाच्या तोंडातल्या गाठीतून काढलेल्या. तो माणूस जाऊन किती वर्षं झाली कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला जगता आलं नाही आणि त्याच्या गाठीला मरता येईना. या पेशींना शेजारणीची पर्वा नव्हती. तळ भरला तरी वाढत, एकमेकींवर चढून ढीग करत, ढिगातून सुटून तरंगत. चांगल्या पेशीला पाय टेकायला काच लागते, ती सुटली की मरते. या तरंगतानाही एकीच्या दोन होत. आतलं केंद्रक हे भलंमोठं, वेडंवाकडं, एकेकीत दोन-दोन, तीन-तीन. गुलाबी मीडियम भराभर वापरून रात्रीतून पिवळं करून टाकत. मला त्यांचा राग यायचा, वडलांमुळे. पण खोटं कशाला बोलू, थक्कही व्हायला व्हायचं. त्या कुठून बाहेरून आलेल्या नव्हत्या. कधीकाळी त्याही त्या माणसाच्या गालातल्या साध्या, थांबणाऱ्या पेशी होत्या.

आई रोज संध्याकाळी विचारायची, "काय म्हणता आमची नाळ?" तळ भरला की पेशी सोडवून चार बाटल्यांत वाटतो, त्या भरल्या की त्यातून घेऊन पुन्हा वाटतो, असं मी तिला समजावत होते तर ती म्हणाली, "म्हणजे विरजण." कॉलेजात तीन वर्षं घालवूनही मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. मग मी तिला पुढचंही सांगितलं. या चांगल्या पेशी साधारण पन्नासदा दुप्पट होतात. मग मंदावतात, पसरट होतात आणि थांबतात. कितीही जपलं तरी थांबतात. ते मात्र तिला आवडलं नाही. नातीच्या बाबतीत थांबण्याची भाषा नको होती तिला.

सहा महिने उलटले, बाटल्यांतल्या पेशी खरोखरच मंदावू लागल्या, आणि इकडे बाळाचं उष्टावण ठरलं. मुलगी म्हणून विषम महिना, सातवा. मामाच्या मांडीवर बसून खिरीचा पहिला घास घ्यायचा. मुहूर्त दुपारी बाराचा. ताई त्यासाठी सासरहून, दिंडोशीहून, महिनाभर राहायला आली होती.

त्या दिवशी मी सकाळी सातला कामावर हजर. आमच्याकडे दोन नियम होते. चांगल्या पेशींचं काम आधी, कॅन्सरच्या पेशींचं नंतर. आणि दोघींचं मीडियम वेगवेगळ्या बाटलीत. पण सरांना कॅन्सरच्या बाटल्या नऊच्या आत हव्या होत्या, म्हणून त्या आधी केल्या. मग चांगल्या पेशींचं मीडियम काढलं तर त्यात बुरशी धरलेली. नवं बनवून गाळायला दीड तास. मी घड्याळाकडे बघितलं. कॅन्सरच्या पेशींसाठी उघडलेली मीडियमची बाटली समोरच होती. तिच्यातूनच नाळेच्या चार बाटल्यांना घालायला घेतलं. तिघींना झालं, चौथीपर्यंत बाटली रिकामी. चौथीला तशीच मागे सारली, दिवा विझवला आणि पळाले.

बाराला दोन मिनिटं असताना पोचले. बाळ माझ्या भावाच्या मांडीवर नवं झबलं घालून बसलेलं. चांदीच्या वाटीतल्या खिरीचे तीन घास तिने मन लावून घेतले आणि चौथ्याला तोंड फिरवलं. ओठ घट्ट मिटलेले.

"आणि एक घास गो बाय, एकच," आई म्हणाली.

आईच्या हातचं जेवायला बसलं की पानावर हात आडवा धरून 'पुरे, पुरे' म्हणणाऱ्याचीही सुटका नसायची. हातावरूनच वाढायची ती. बाळाने तो चौथा घास तिच्या पदरावर फुर्रकन उडवला आणि सगळी खोली हसली.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत चमत्कारच झाला. चौथी बाटली पुढच्या फेरीपर्यंत चार दिवस उपाशी राहिली म्हणून रखडली, असं मी धरून चालले होते. पण बाकीच्या तिघी! मंदावलेल्या पेशी सुसाट सुटल्या. मीडियम रात्रीतून पिवळं. सर खुर्चीतून उठून बघायला आले. "या आता थांबायच्या होत्या ना? या तर ओलांडून गेल्या!" यावर लेख लिहू म्हणाले, त्यात माझंही नाव घालू, आणि नोकरी कायम करायचं बोलून बघू. मी हवेत. घरी येऊन सांगितलं, बाळाच्या पेशी म्हाताऱ्या व्हायला तयार नाहीत. आईने देवापुढे साखर ठेवली. "शंभर वर्षां जगतला माझां चेडू," ती शेजारपाजारी सांगून आली.

सरांना झकास काहीतरी दाखवू म्हणून मी त्यातल्या एका बाटलीत ओरखडा काढला. दुसऱ्याच दिवशी तो भरला. तिसऱ्या दिवशी त्या जागी उंचवटा होता. मी बाटली सरकवत सरकवत बघत गेले. जिथे तिथे पेशी एकमेकींवर चढलेल्या. केंद्रकं मोठी, वेडीवाकडी. सुटलेल्या गोल पेशी वर तरंगतायत. इतके दिवस मी पिवळ्या रंगावरच खूश होते, नीट बघितलंच नव्हतं.

या पेशी कॅन्सरच्या होत्या, यात मला शंका उरली नाही. प्रश्न एवढाच, की कुणाच्या? एक तर त्या दिवशीच्या घाईत, त्या एकाच मीडियमच्या बाटलीतून, शेजारच्या फळीवरचा एखादा थेंब इकडे आला होता. नाहीतर बाळाच्याच पेशी बिघडल्या होत्या, आपल्या आपण, आजोबांच्या गालात बिघडल्या तशा. माणसाच्या चांगल्या पेशी बाटलीत अशा सहजासहजी बिघडत नाहीत, असं पुस्तकात होतं. पण पुस्तक लिहिणाऱ्याने माझ्या आईचं कधी ऐकलं नव्हतं. मी सहा-सात वर्षं ऐकत आले होते. संध्याकाळी घरी गेले तर बाळ ताईच्या कडेवरून माझ्या अंगावर झेपावलं. मी तिला मोरीपाशी उजेडात नेलं आणि तिचा डावा गाल बोटाने ओढून आत बघितलं. सात महिन्यांच्या मुलीचा गाल! वेड लागलंय आपल्याला हे कळत होतं, तरी बघितलं. ती माझं बोट चावायला लागली, नुकताच दात आला होता. चूक दुसऱ्या कुणाची तरी निघू दे, असं साकडं मी जन्मभर घालत आले आहे. त्या आठ दिवसांत मात्र मी रोज म्हणत होते, देवा, चूक माझीच असू दे.

ट्रॉम्बेच्या बाजूला गुणसूत्रं बघणाऱ्या एक बाई राहायच्या आणि तिथेच काम करायच्या; कॉलेजात त्यांनी आम्हाला वर्षभर शिकवलं होतं. त्यांच्याकडे एक युक्ती होती. पेशी एका खास रंगात बुडवून निळ्या प्रकाशात धरल्या, की पुरुषाचं गुणसूत्र केंद्रकात इवल्या ठिपक्यासारखं चमकतं. बाळ मुलगी. आमच्या फळीवरच्या पेशी पुरुषाच्या, आणि त्यांनी बाकी गुणसूत्रांचा कितीही गोंधळ घातला असला तरी तो ठिपका त्यांच्यात शाबूत आहे, हे आमच्या वहीत लिहिलेलं होतं. शनिवारी अर्धी सुट्टी घेऊन मी दोन काचपट्ट्या रुमालात बांधून नेल्या. एक त्या सुसाट पेशींची, एक रखडलेल्या चौथ्या बाटलीची. कुणाच्या, कशाच्या, काही सांगितलं नाही. अंधाऱ्या खोलीत बाई वाकून बघायला लागल्या आणि मी त्यांच्या अंबाड्याकडे बघत उभी राहिले. खूप वेळ गेला. त्यांनी पट्टी बदलली. पुन्हा तितकाच वेळ.

"पहिला मुलगा आहे," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "आणि ही दुसरी मुलगी. जुळं आहे का गं?"

मी तिथेच स्टुलावर बसून हमसाहमशी रडले. बाई घाबरल्या, पाणी आणलं. मग मला जवळ ओढून म्हणाल्या, "आधी बघ तरी." मी बघितलं. पहिल्या पट्टीत, काळोखात, एकेका केंद्रकात हिरवट-पिवळा ठिपका लुकलुकत होता. जगाच्या कुठल्या टोकाला कधीच मेलेला माणूस, त्याचं पुरुषपण एका ठिपक्याएवढं अजून तेवत होतं, आणि त्या ठिपक्याने माझ्या भाचीला सोडवलं होतं. मी त्याला मनातल्या मनात हात जोडले. इतकी वर्षं ज्या पेशींचा राग केला त्यांनाच.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. लेख गेला, कायम नोकरीचा विषय गेला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या तिन्ही बाटल्या माझ्याच हाताने वाफेच्या यंत्रात घालून नष्ट करायला लावल्या आणि दोन फळ्यांच्या मीडियमच्या बाटल्यांना गळ्यात लाल आणि पांढरा दोरा बांधायला लावला. "आणि घरी मुहूर्त असेल तेव्हा रजा घे, कळलं?" एवढं बोलून त्यांनी नव्या सहा महिन्यांच्या कागदावर सही केली.

फळीवर चौथी बाटली एकटी उरली, मी नावं ठेवलेली. तिच्यातल्या पेशी मोठाल्या, पसरट, एकमेकींना कडेने टेकून निवांत. त्या उपासाने रखडल्या नव्हत्या. त्यांचं वय झालं होतं. तेवढीच एक बाटली आमच्या बाळाची होती.

आईला सांगणं सगळ्यात कठीण. तिने साखर ठेवली होती देवापुढे.

"आई, नाळेत दुसऱ्याचं विरजण पडलं. माझ्या हातून."

"कोणाचा?"

"तो रोग झालेल्या एका माणसाचं."

तिचा चेहरा उतरला. "बाळाक काय नाय मां?"

"बाळाचा संबंधच नाही. शेजारचा चमचा आपल्या पातेल्यात गेला, एवढंच झालं. मी डोळ्यांनी बघून आले."

तिने तीनदा विचारलं, मी तीनदा सांगितलं. मग म्हणाली, "माका दाखय."

सरांना विचारून एका शनिवारी मी तिला अंधेरीला नेलं. चपला दाराबाहेर काढायच्या हा आमचा नियमच होता, तिने वर पदरही डोक्यावरून घेतला. आधी मी तिला चौथी बाटली दाखवली. तिचा एक डोळा मिटेना, म्हणून तो मी हाताने झाकून धरला.

"ह्यो मेल्यो?"

"नाही गं, जिवंत आहेत. पुरे म्हणतायत नुसत्या."

मग तिने दुसऱ्या फळीकडे बोट केलं. मला दाखवायचं नव्हतं, पण ती हलेना. ते ढीग, त्या तरंगणाऱ्या पेशी तिने खूप वेळ बघितल्या.

"ह्यांच्या गालात ह्याच होता?"

"असंच."

ती उठली, पदर सारखा केला. जिन्यातून उतरताना, खालच्या यंत्रांच्या आवाजात, अर्धवट माझ्याशी आणि अर्धवट स्वतःशी म्हणाली, "शेवटाक ते हात आडवो धरीत. तरी मी भरवी. म्हटलंय, खातले तर जगतले." मी तिचा दंड धरला आणि आम्ही बसस्टॉपपर्यंत तशाच चालत गेलो.

चौथ्या बाटलीला मी आणखी दोन-अडीच महिने पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीतून मीडियम घातलं. तिच्यातल्या पेशी एकेक करून काच सोडत गेल्या. शेवटी काहीच उरलं नाही तेव्हा नियमाप्रमाणे बाटली वाफेत घातली आणि घाटकोपरला आणली. ताई बाळाला घेऊन मुद्दाम आली. आईने खुरप्याने शेवग्याच्या मुळाशी, पहिल्या अर्ध्या नाळेशेजारी, खड्डा केला, बाटलीतलं पाणी ओतलं आणि माती सारखी करून वर हात ठेवला.

मग तिथेच दाराशी चटईवर बसून ती बाळाला मऊ वरणभात भरवायला लागली. दहा महिन्यांची झाली होती, चार-पाच घास घेतले आणि तोंड फिरवलं.

"आई, अजून एक दे तिला," ताई म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नाही."

आईचा घास हवेतच राहिला. बाळाच्या मिटलेल्या ओठांकडे तिने जरा वेळ बघितलं. मग तो घास स्वतःच्या तोंडात टाकला आणि ताटली बाजूला सारली.

"पुरे म्हणता तां," ती ताईला म्हणाली. "ऐक तेचां."